ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर दाबला की केमो जास्त लागू पडते म्हणे, मग ते औषध वॉर्डात का दिसत नाही?

कृष्णाकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी कराडकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. डॉक्टर नाही, संशोधकही नाही, तेव्हा काही भलतंच लिहिलं असेल तर बिनदिक्कत कान धरा.

धाकट्या भावाला मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग, निघालाय. वय ५२. कंबर दुखते म्हणून बरेच दिवस बाम आणि शेक चालला होता, शेवटी एमआरआयमध्ये मणका दबलेला दिसला आणि तिथून सगळं उलगडत गेलं. उपचार पुण्यात. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, रोज रात्री लेनालिडोमाइडची कॅप्सूल (तीन आठवडे घ्यायची, एक आठवडा सुट्टी), आणि आठवड्यातला एक दिवस डेक्सामेथासोनच्या गोळ्या, एकदम मूठभर. त्या रात्री त्याला झोप नाही. पहाटे तीनला उठून फडताळातले डबे काढून पुसत बसतो. भावजय म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण स्वयंपाकघर असं लखलखीत कधी नव्हतं. रिपोर्ट मात्र सुधारताहेत. कप्पा फ्री लाइट चेनचा (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन) पहिला आकडा बघून माझे हातपाय गळाले होते, तो आता बराच खाली आलाय. डॉक्टर समाधानी आहेत.

माझंच समाधान होत नाही. मायलोमा पुन्हा डोकं वर काढतो, औषधांना सरावतो, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. म्हणून ‘केमोला दाद न देणाऱ्या पेशी’ या विषयावर वाचायला लागलो. जिथं तिथं एकच सूर. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) असतो, तो पेशीला जगवणारी जनुकं चालू करतो, तो दाबला की तीच केमो दुप्पट चौपट लागू पडते. कधी त्याच्या जागी एनआरएफ-२ असतो, कधी स्टॅट-३, कधी मिक. शेवटची ओळ ठरलेली: ‘हे एक आशादायक लक्ष्य आहे.’ यातला उंदरांवरचा एक पेपर १९९९ चा आहे. माझे त्या वर्षीचे विद्यार्थी आता पोरांच्या अ‍ॅडमिशनला येतात.

वर्गात मी लॅक ओपेरॉन, म्हणजे जिवाणूतला जनुकांचा एक संच, तीन रंगांच्या खडूंनी काढतो. रिप्रेसर हे प्रथिन त्यावर बसलं की जनुक बंद, उठलं की चालू. इतकं सरळ. मग माणसाच्या पेशीतला एक फॅक्टर बंद करायला पंचवीस वर्षांत एक गोळी का निघू नये? आणि प्रयोगशाळेच्या ताटलीत एवढं छान चालणारं काही असेल तर ते भावाच्या उपचारात का घालत नाहीत?

दुसरं, जरा घरगुती. आमच्या एका चुलतभावानं हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात. डब्यावर चक्क ‘एनएफ-कप्पा-बी रोखते’ असं छापलंय. वाचल्यावर मलाच क्षणभर वाटलं, हेच की ते. द्याव्यात का?

शहाण्णव_वेल

मास्तर, नमस्कार. माझी पीएचडी केमोला दाद न देणाऱ्या पेशींवरच झाली, पुण्यात. आता हैदराबादला एका कंपनीत आहे, पण मायलोमाशी तिचा काडीचा संबंध नाही, तेव्हा कुणाचं औषध विकायला आलेलो नाही.

आधी ते पेपर कसे निघतात ते सांगतो. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिला ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी सोडायच्या, रात्रभर चिकटू द्यायच्या, दुसऱ्या दिवशी औषध. दोनतीन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, मेलेल्या करत नाहीत. स्फटिक विरघळवायचे, प्लेट मशीनमध्ये सरकवायची आणि जांभळा रंग मोजायचा. नुसत्या केमोनं रंग निम्म्यावर आला. केमोबरोबर एनएफ-कप्पा-बी दाबणारं काहीतरी घातलं, तर पाव उरला. आलेख डावीकडे सरकला, म्हणजे कमी औषधात तेवढ्याच पेशी मेल्या, पेपर झाला. खोटं यात काहीच नाही. फक्त त्या खळग्यात यकृत नसतं, आतडं नसतं, अस्थिमज्जा नसते, आणि तापाने फणफणलेला माणूस तर नसतोच.

आता तुमचा १९९९ चा पेपर. तो बहुतेक नॉर्थ कॅरोलिनातल्या अल्बर्ट बाल्डविन यांच्या प्रयोगशाळेतला, नेचर मेडिसिनमधला. मूळ कल्पना आजही झकास वाटते. एरवी एनएफ-कप्पा-बी केंद्रकाबाहेर बसून असतो, आयकप्पाबी नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं. केमोनं पेशीला दणका बसला की हे प्रथिन तोडलं जातं, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो आणि मरण टाळणारी जनुकं चालू करतो. म्हणजे ज्या औषधानं मारायचं तेच औषध वाचायची तयारीही करून देतं. बाल्डविन यांच्या गटानं न तुटणारं आयकप्पाबी बनवलं, विषाणूच्या मदतीनं उंदरांच्या गाठीत घातलं आणि वरून इरिनोटेकान हे केमोचं औषध दिलं. जी गाठ नुसत्या केमोला पुरती दबत नव्हती ती आक्रसली.

पण तो विषाणू सुईनं थेट गाठीत टोचला होता. तुमच्या भावाचा आजार कुठल्या एका गाठीत नाही, हाडाहाडांतल्या मज्जेत आहे. आणि गोळी देऊन सगळ्या अंगातला एनएफ-कप्पा-बी बंद करावा म्हणाल, तर त्याचं उत्तर १९९५ मध्येच मिळालंय. त्याचा रेल-ए हा मुख्य घटक ज्यांच्यात मुळातच नाही अशी उंदरांची पिल्लं पोटात पंधराव्या सोळाव्या दिवशी मरतात, यकृताच्या पेशी सामुदायिकरीत्या मरून. तो फॅक्टर कर्करोगाच्या मालकीचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. रोगजंतू आला की हाच धावतो. त्याला चालू करणाऱ्या एन्झाइमला रोखणारी औषधं कंपन्यांनी भरपूर केली, बाजारापर्यंत एकही धड पोचलं नाही.

दुसरी अडचण आकाराची. बहुतेक औषधं एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतात. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं काम डीएनएला आणि दुसऱ्या प्रथिनांना चिकटण्याचं, तेही लांबरुंद सपाट पृष्ठभागानं. गुळगुळीत वरवंटा एका बोटानं उचलायला सांगावं तसं ते आहे. मिक तर एकटा असताना धड आकारच धरत नाही. लॅक रिप्रेसरला निदान लॅक्टोजची खाच असते हो, म्हणून तो फळ्यावर इतका शहाण्यासारखा वागतो.

खाच असलेले फॅक्टरही आहेत, आणि गंमत अशी की औषधं नेमकी तिथंच निघालीत. इस्ट्रोजेन रिसेप्टर, अँड्रोजेन रिसेप्टर, रेटिनॉइक अ‍ॅसिडचा रिसेप्टर, कॉर्टिसॉलचा रिसेप्टर, हे सगळे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच. अंगातलंच एखादं संप्रेरक त्यांच्या खाचेत बसतं, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा रेणू बनवता येतो. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन त्यातूनच आलं. एचआयएफ-२-अल्फा या आणखी एका फॅक्टरमध्ये अशीच एक पोकळी टेक्सासच्या शास्त्रज्ञांना सापडली आणि तिच्यावरून बेल्झुटिफान निघालं, २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते मूत्रपिंडाच्या गाठींसाठी.

आता भावाच्या औषधांची चिठ्ठी पुन्हा वाचा.

डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरवर बसतं. तो रिसेप्टर केंद्रकात जातो, जनुकं चालू-बंद करतो आणि मायलोमाची पेशी मरते. (डबे पुसण्यामागेही हेच रिसेप्टर, फक्त मेंदूतले.) लेनालिडोमाइडची कथा याहून भारी. पेशीत सेरेब्लॉन नावाचं प्रथिन असतं, कुठलं प्रथिन मोडीत काढायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेचा तो भाग. लेनालिडोमाइड त्याला चिकटलं की त्याची नजर इकारोस आणि आयोलोस या दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांवर पडते. त्यांच्यावर युबिक्विटिनचा, म्हणजे मोडीत काढायचा, शिक्का बसतो आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं मोडायची गिरणी, त्यांचे तुकडे करतो. ते गेले की आयआरएफ-४ हा आणखी एक फॅक्टर घसरतो, पाठोपाठ मिक घसरतो. या दोघांवाचून मायलोमाच्या पेशीचं पान हलत नाही. ज्या मिकला थेट पकडता येत नाही त्याला असं मागच्या दारानं गाठलं.

हे आधी आराखडा काढून केलेलं नाही. थॅलिडोमाइड १९६१ मध्ये बाजारातून काढावं लागलं, गरोदर बायकांना दिल्यामुळे हातापायांविना मुलं जन्मली म्हणून. तेच औषध १९९९ मध्ये सीमा सिंघल, बार्ट बार्लोगी आणि सहकाऱ्यांनी मायलोमात चालतं असं दाखवलं, अर्कान्सातल्या ८४ रुग्णांवर, जवळपास तिघांत एकाला उपयोग झाला. लेनालिडोमाइड त्याचंच धाकटं भावंड. ते सेरेब्लॉनला चिकटतं हे जपानी गटाला २०१० मध्ये कळलं, आणि इकारोस-आयोलोस मोडतात हे २०१४ मध्ये. म्हणजे आपण नेमकं कशाला मारतोय हे कळण्याआधीच रुग्ण पंधरा वर्षं औषध घेत होते. तुमचे ‘आशादायक लक्ष्य’वाले पेपर उलट्या टोकाने निघतात, आधी लक्ष्य, मग औषध. तो रस्ता अजून कच्चाच आहे.

राहिलं बोर्टेझोमिब, ते प्रोटिअसोम बंद करतं. प्रोटिअसोम बंद केला की आयकप्पाबी तुटणार नाही आणि एनएफ-कप्पा-बी बाहेरच राहील, हाच त्यामागचा सुरुवातीचा मोठा विचार होता. पुढे चित्र गढूळ झालं, काही मायलोमा पेशींत तर बोर्टेझोमिबनं एनएफ-कप्पा-बी उलट वाढलेला दिसला. मायलोमाची पेशी रात्रंदिवस अँटिबॉडी बनवते, त्यामुळे तिच्यात बिघडलेल्या प्रथिनांचा कचरा मुळातच जास्त. तो उपसायची सोय बंद केली की ती कचऱ्यातच गुदमरते, असं आता जास्त मानतात. कारण काहीही असो, औषध चालतं. लेनालिडोमाइड-डेक्साबरोबर बोर्टेझोमिब घातलेल्या आणि न घातलेल्या नव्या रुग्णांची तुलना अमेरिकेत झाली, ती २०१७ मध्ये लॅन्सेटला आली. आजार दबून राहिला तो मध्यक (मीडियन) ४३ महिने विरुद्ध ३०.

तर वॉर्डात का दिसत नाही म्हणता ते तुमच्या भावाच्या फ्रिजशेजारच्या डब्यातच आहे. हळदीचं नंतर लिहितो, प्लेट वाचायची वेळ झाली.

रोहिणी डेकेअर

मास्तर, मी केमो डेकेअरला सिस्टर आहे. शास्त्र वरच्यांनी सांगितलं, मी पिशवीचं बोलते. प्रत्येक पेशंटबरोबर एक पिशवी येते. तिच्यात कुणाच्या मेहुण्यानं दिलेला काढा, कुणाच्या शेजारणीनं दिलेला गव्हांकुरांचा रस, हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टी. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही आणि विचारलं तर ‘ते काय औषध थोडंच आहे सिस्टर’ म्हणतात.

तुमच्या भावाला बोर्टेझोमिब चालू आहे, तर ग्रीन टीचा अर्क आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या स्वतःहून अजिबात देऊ नका. डब्याचा फोटो काढून डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा, कॅप्सूल दिली असेल तर तेही लपवू नका. वरणात, भाजीत हळद पडते ती पडू द्या, तिच्यावर कुणाचा आक्षेप नाही.

आणि लेनालिडोमाइडची कॅप्सूल फोडायची नाही, घरात मूल होण्याच्या वयाची सून-मुलगी असेल तर तिला हाताळू देऊ नका. शास्त्रातली गोष्ट सांगत नाही, साधी सांगते: एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी फोन. तळपायाला मुंग्या, चपला पायातून निसटलेल्या कळत नाहीत, असं काही झालं तर इंजेक्शन घ्यायच्या आधी सांगा, नंतर नाही. पुरुष मंडळी हे हमखास दडवतात.

आडवातिडवा

हळद म्हटलं की सगळे अंगावर येतात! हजारो वर्षं आपण खातोय. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर रोखते हे तुमच्याच इंग्रजी पेपरांत शेकड्यांनी छापलंय ना? मग स्वस्त आहे म्हणूनच पुढे येऊ देत नाहीत असं म्हटलं तर कुठं बिघडलं?

शहाण्णव_वेल

आडवातिडवा, पेपर आहेत, मोजता येणार नाहीत इतके आहेत. त्यातले बरेचसे त्या ९६ खळग्यांतलेच. तिथं कर्क्युमिन ज्या तीव्रतेला परिणाम दाखवतं तितकं ते रक्तात पोचतच नाही. रोज ८ ग्रॅम देऊनही रक्तात अगदी नाममात्र सापडतं, कारण आतडं आणि यकृत त्याला लगेच बदलून बाहेर काढतात. शिवाय ते स्वतः पिवळं, चमकणारं, वाटेल त्या प्रथिनाला चिकटणारं, म्हणून रंग किंवा चमक मोजणाऱ्या चाचण्यांना ते सर्रास फसवतं. २०१७ मध्ये औषधी-रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात यावर सविस्तर लेख आला. त्यांना एकही दुहेरी-अंध (कुणाला काय दिलंय ते रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत नसलेली), प्लासिबोशी, म्हणजे खोट्या गोळीशी, तुलना केलेली, यशस्वी म्हणावी अशी चाचणी सापडली नाही.

शोषण वाढावं म्हणून कॅप्सूलवाले त्यात मिऱ्याचा अर्क घालतात. तो यकृताची तीच एन्झाइमं मंदावतो ज्यांच्यावर इतर औषधांचा निचरा अवलंबून असतो, बोर्टेझोमिबचाही काही अंशी. हळदीच्या कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आता आहेत. रोहिणीताईंनी ग्रीन टीचं सांगितलं त्याचं कारण रासायनिक आहे. बोर्टेझोमिबच्या रेणूत बोरॉन असतो, ग्रीन टीतला ईजीसीजी थेट त्याला जाऊन चिकटतो आणि औषध निकामी करतो. २००९ मध्ये उंदरांत हे स्पष्ट दिसलं. त्या संशोधकांची अपेक्षा उलटी होती बरं का, चहानं औषधाला जोर येईल अशी.

आणि स्वस्त किंवा निसर्गातलं म्हणून कुणी डावलत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध झाडाच्या सालीतून आलं. एनआरएफ-२ दाबायला ब्रुसाटोल नावाचं द्रव्य एका झुडपाच्या बियांतून मिळालं, २०११ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या गटानं दाखवलं की त्यानं केमोला जोर येतो. सगळे खूश. मग लक्षात आलं की ब्रुसाटोल पेशीचं एकूण प्रथिन बनवणंच थांबवतं. एनआरएफ-२ चं आयुष्य जेमतेम वीसेक मिनिटांचं, म्हणून तो सगळ्यात आधी दिसेनासा होतो आणि वाटतं की नेम त्याच्यावरच होता.

वाहक_सोलापूर

मी एसटीत कंडक्टर. शास्त्र कळत नाही, पण वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मला रक्ताचा कॅन्सर झाला होता, एपीएल. तिकिटं फाडता फाडता हिरड्यांतून रक्त यायचं, मांडीवर काळेनिळे डाग. आमच्या डॉक्टरांनी कागदावर दोन गुणसूत्रं काढून दाखवली, १५ आणि १७, म्हणाले यांचे तुकडे अदलाबदल झालेत. आणि औषध काय, तर एक अ जीवनसत्त्वाच्या जातीची कॅप्सूल आणि सलाइनमधून सोमल. आईनं सोमल हे नाव ऐकलं आणि तिथंच बसकण मारली. आमच्याकडे सोमल म्हणजे उंदीर मारायचं. त्या सलाइनच्या दिवसांत सारखी ईसीजीची पट्टी काढायचे. केस गेले नाहीत. आता ड्युटीवर आहे. हे पण त्याच फॅक्टरातलं का?

शहाण्णव_वेल

वाहकदादा, त्यातलंच, आणि सगळ्यात झळझळीत उदाहरण. १५ आणि १७ ची अदलाबदल झाली की रेटिनॉइक अ‍ॅसिडचा रिसेप्टर, म्हणजे एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, पीएमएल नावाच्या प्रथिनाला जोडला जातो. ही जोडगोळी पांढऱ्या पेशींना वयातच येऊ देत नाही. तुमची कॅप्सूल म्हणजे आट्रा. ती जोडगोळीच्या एका टोकाला धरते, सोमल दुसऱ्या टोकाला, आणि दोघं मिळून तिला मोडीत काढायला लावतात. आट्रा शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी १९८५ मध्ये पहिल्यांदा वापरलं, एका पाच वर्षांच्या मुलीवर. सोमल हार्बिनमधून आला. वेल्लोरच्या सीएमसीत विक्रम मॅथ्यूज यांच्या गटानं नव्या रुग्णांवर नुसता सोमल वापरून २००६ मध्ये निकाल छापले, ते जगभर वाचले गेले. २०१३ मध्ये इटली-जर्मनीतली चाचणी आली. कमी-मध्यम धोक्याच्या रुग्णांत आट्रा आणि केमो घेणारे ८६ टक्के लोक दोन वर्षांनी ठणठणीत, आट्रा आणि सोमल घेणारे ९७ टक्के. केमो जास्त लागू पडावी म्हणून निघालेला रस्ता इथं केमोच्याच पुढं गेला.

कृष्णाकाठचा मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. डब्याचा फोटो डॉक्टरांना धाडला, त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं: नको. चुलतभावाला मी समजावीन.

पण शहाण्णवराव, तुमचं लिखाण पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. लेनालिडोमाइडचं काम प्रोटिअसोमवर चालतं, तो इकारोसचे तुकडे करतो म्हणून. आणि बोर्टेझोमिब तोच प्रोटिअसोम बंद करतं. मग ही दोन औषधं एकत्र कशी देतात? एकानं गिरणी चालवायची आणि दुसऱ्यानं वीज तोडायची?

शहाण्णव_वेल

वा, मास्तर. हा प्रश्न मी मुलाखतीत विचारतो आणि निम्मे उमेदवार गप्प बसतात.

ताटलीत ते खरंच एकमेकांना आडवे येतात. पेशींवर आधी प्रोटिअसोम बंद करणारं औषध ओतलं तर लेनालिडोमाइड घालूनही इकारोस शाबूत राहतो, किंबहुना तसं करूनच सिद्ध केलं की तो प्रोटिअसोममधून जातो. अंगात मात्र वेळ मध्ये येते. इंजेक्शननंतर प्रोटिअसोमचं काम तासाभरात धाडकन खाली येतं, पण शून्य होत नाही, आणि पुढच्या काही दिवसांत बरंचसं सावरतं. भावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, कॅप्सूल रोज. मधल्या दिवसांत इकारोस मोडायला भरपूर वाव असतो. आणि दोन्ही एकत्र चालतात हे तो ४३ महिन्यांचा आकडा सांगतोच.

वेळ चुकली की काय होतं त्याचं उदाहरण स्तनाच्या कर्करोगात आहे. टॅमॉक्सिफेन आणि केमो एकदमच दिली तर दुहेरी मार बसेल असं कुणालाही वाटेल. अमेरिकेत पाळी गेलेल्या दीड हजारांच्या आसपास बायकांवर ते तपासलं, २००९ मध्ये लॅन्सेटला आलं. केमो संपवून मग टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांचं पारडं एकदम घेणाऱ्यांपेक्षा जड दिसलं. कारण बहुधा असं की टॅमॉक्सिफेननं पेशींचं विभाजन मंदावतं आणि केमो विभाजन होणाऱ्या पेशींवरच जास्त चालते. फॅक्टर दाबला म्हणजे केमो जास्त लागू पडेलच असं नाही, कमीही पडते.

आणि आता तुम्हाला आवडेल असं. भावाच्या डेक्सामेथासोननं जो कॉर्टिसॉल रिसेप्टर चालू होतो तोच अंडाशयाच्या कर्करोगात उलटा वागतो. तिथं कॉर्टिसॉल पेशीला पॅक्लिटॅक्सेलपासून वाचवतं. म्हणून रेलाकोरिलँट नावाच्या गोळीनं तो रिसेप्टर बंद करून पाहिला. प्लॅटिनमवाल्या केमोला दाद न देणारा आजार असलेल्या ३८१ बायका, सगळ्यांना नॅब-पॅक्लिटॅक्सेल (पॅक्लिटॅक्सेलचंच प्रथिनात बांधलेलं रूप), निम्म्यांना वर ही गोळी. तीही रोज नाही, केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. २०२५ मध्ये निकाल आले: आजार रोखला तो ६.५ महिने विरुद्ध ५.५, आणि तोवरच्या मोजणीत आयुष्य १६ महिने विरुद्ध ११.५. नॅब रूप मुद्दाम निवडलं, कारण साध्या पॅक्लिटॅक्सेलआधी अ‍ॅलर्जी टाळायला डेक्सामेथासोन द्यावं लागतं, आणि मग एका हातानं रिसेप्टर चालू आणि दुसऱ्यानं बंद असा पोरखेळ झाला असता. तुमच्या मूळ प्रश्नाचं, फॅक्टर दाबून केमोला जोर आणण्याचं, माझ्या मते हे आजवरचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. आणि त्या गोळीचा तुमच्या भावाला शून्य उपयोग, कारण त्याला तो रिसेप्टर चालूच हवाय.

कृष्णाकाठचा मास्तर

हे वर्गात सांगणार, अभ्यासक्रमात असो नसो. जाता जाता एक. भावाच्या फिशच्या (पेशींतल्या गुणसूत्रांच्या तपासणीच्या) रिपोर्टात ‘१७पी डिलीशन आढळले नाही’, म्हणजे १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला नाही, असं लिहिलंय. पी-५३ तिथलाच ना? तोही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच की.

शहाण्णव_वेल

हो, तिथलाच. फक्त त्याचं उलटं असतं, तो असावा लागतो. केमोनं डीएनए तुटला की पेशीला मरायला लावणाऱ्यांत तो पुढे असतो, म्हणून १७पी गेलं की आजार चिवट होतो. बिघडलेल्या पी-५३ ला पुन्हा कामाला लावणारं एप्रेनेटापॉप्ट नावाचं औषध रक्ताच्याच दुसऱ्या एका आजारात, एमडीएसमध्ये, अझासिटिडिन या औषधाबरोबर देऊन पाहिलं होतं. २०२० च्या शेवटी निकाल आला, पूर्ण प्रतिसाद ३३ टक्के विरुद्ध २२, पण फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तेव्हा ‘आढळले नाही’ हे चांगलंच. त्याच रिपोर्टात टी(४;१४) आणि टी(१४;१६) च्या, म्हणजे त्या त्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीच्या, ओळी असतील, त्याही बघा. दुसरीत एमएएफ नावाचा आणखी एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर वाढतो आणि त्या पेशी बोर्टेझोमिबला कमी दाद देतात. रिपोर्टात ती तपासलीच नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.